कठोर आप्रवासन कायदे आणि शाबितीची जबाबदारी : ब्रिटनमधील अनुभवाची चिकित्सा

बीजसंज्ञा : आप्रवासन, राष्ट्रकुल नागरिक, शाबितीची जबाबदारी, प्रतिकूल वातावरण, विंडरश

प्रास्ताविक

आप्रवासनाचे कायदे कडक असावेत की शिथिल, या प्रश्नाची चर्चा बहुधा संख्येच्या भाषेत होते. किती लोक आले, किती यावेत, किती परत पाठवावेत, एवढ्यावरच वाद फिरत राहतो. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कायदा कडक झाला की त्याची झळ बेकायदा राहणाऱ्यांना लागेल. ज्यांचे वास्तव्य वैध आहे त्यांनी काळजी करण्याचे कारण नाही, असे ते गृहीत आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या चिकित्सेसाठी ब्रिटनचे उदाहरण निवडण्यामागे दोन कारणे आहेत. १९६२ पासून आजपर्यंत ब्रिटनने आप्रवासनाचे कायदे टप्प्याटप्प्याने कडक करत नेले. त्यामुळे या कायद्यांचे दीर्घकालीन परिणाम तेथे स्पष्टपणे तपासता येतात. दुसरे कारण असे की, या कायद्यांच्या कक्षेत आलेले बहुसंख्य लोक भारत, पाकिस्तान, कॅरिबियन बेटे आणि पूर्व आफ्रिका येथील, म्हणजे एकेकाळच्या साम्राज्याचेच प्रजाजन होते. त्यांच्यावर कायद्याचा काय परिणाम झाला, हा आपल्याही इतिहासाचा भाग ठरतो.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, आप्रवासन कायद्याचा खरा कडकपणा प्रवेशाच्या अटींपेक्षा शाबितीच्या नियमांत असतो. ‘मी येथे राहण्यास पात्र आहे’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे, कोणापुढे ते सिद्ध करायचे आहे आणि सिद्ध न झाल्यास दाद कोठे मागायची, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कायद्याचा परिणाम ठरतो. ही उत्तरे व्यक्तीच्या विरोधात गेली, तर कायदा बेकायदा राहणाऱ्याला शोधण्याऐवजी कागद नसणाऱ्याला शोधू लागतो. हे दोन वर्ग एक नव्हेत.

१. प्रजाजन ते परके : १९४८ ते १९७३

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व अधिनियमाने ‘युनायटेड किंग्डम व वसाहती यांचा नागरिक’ असा एकच दर्जा निर्माण केला. वसाहतींतील रहिवासी आणि स्वतंत्र राष्ट्रकुल देशांचे नागरिक यांना ब्रिटनमध्ये येण्याचा व राहण्याचा अधिकार होता. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरील प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदराला लागले. त्यानंतरच्या दोन दशकांत आलेल्या पिढीला पुढे याच जहाजाचे नाव मिळाले. महायुद्धोत्तर ब्रिटनमधील रुग्णालये, वाहतूक सेवा आणि कारखाने यांना या मनुष्यबळाची गरज होती.

१९६२ च्या राष्ट्रकुल आप्रवासी अधिनियमाने हा अधिकार प्रथमच मर्यादित केला आणि रोजगाराच्या परवान्यांची पद्धत सुरू केली. या अधिनियमाचा पहिला सामाजिक परिणाम त्याच्या उद्देशाच्या उलट झाला. कायदा लागू होण्यापूर्वी पोहोचावे, या घाईने १९६१ आणि १९६२ च्या पूर्वार्धात येणाऱ्यांची संख्या वाढली. शिवाय, काही वर्षे कमाई करून मायदेशी परतावे आणि गरजेनुसार पुन्हा जावे, अशी दक्षिण आशियाई पुरुषांची जी ये-जा होती ती थांबली. एकदा बाहेर पडलो तर परत येता येणार नाही, या भीतीने ते तेथेच थांबले आणि त्यांनी पत्नी व मुलांना बोलावून घेतले. तात्पुरत्या स्थलांतराचे कायम वास्तव्यात रूपांतर होण्यास हा कायदाच मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला.

१९६८ चा अधिनियम अधिक गंभीर होता. केनियातील आफ्रिकीकरणाच्या धोरणामुळे तेथील भारतीय वंशाचे लोक ब्रिटनकडे निघाले. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. म्हणजे ते परदेशी नव्हते. तरीही अवघ्या तीन दिवसांत संसदेने कायदा संमत करून स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्मादी संबंध ब्रिटनच्या भूमीशी असणाऱ्यांनाच मुक्त प्रवेश ठेवला. पूर्वजांची ही अट वरकरणी वंशनिरपेक्ष होती. प्रत्यक्षात गौरवर्णीय वसाहतवासी तिच्यातून सुटत आणि भारतीय वंशाचे लोक तिच्यात अडकत. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये पूर्व आफ्रिकी आशियाईंच्या प्रकरणात असे मत नोंदवले की, वंशावरून केलेला असा भेदभाव ही मानहानिकारक वागणूक ठरू शकते.

१९७१ च्या आप्रवासन अधिनियमाने या सर्व तरतुदींची एकत्र घडी बसवली. तो १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आला. त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला. राष्ट्रकुलासाठी दार बंद होण्याचा आणि युरोपासाठी उघडण्याचा दिवस एकच होता, हा योगायोग ब्रिटनच्या बदललेल्या दिशेचा निदर्शक म्हणता येईल.

२. वैध, परंतु कागदाविना

१९७१ च्या अधिनियमातील दोन तरतुदींचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे. पहिली तरतूद उदार होती. १ जानेवारी १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांना तेथे अनिश्चित काळ राहण्याचा अधिकार कायद्यानेच मिळाला. त्यासाठी अर्ज करण्याची गरज नव्हती. म्हणूनच कोणतेही प्रमाणपत्र देण्यात आले नाही आणि शासनाने अशा व्यक्तींची नोंदवहीही ठेवली नाही.

दुसरी तरतूद तिसऱ्या कलमाच्या आठव्या उपकलमात आहे. एखादी व्यक्ती ब्रिटिश नागरिक आहे काय, किंवा तिला अधिनियमातील एखादी सूट लागू आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाल्यास ते शाबीत करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्या व्यक्तीवर राहील, असे हे उपकलम सांगते. म्हणजे शासनाने अधिकार दिला, त्याचा कागद दिला नाही, आणि प्रश्न निर्माण झाल्यास कागद दाखवण्याची जबाबदारी मात्र व्यक्तीवर टाकली.

जवळजवळ चार दशके या विसंगतीने कोणाचे फारसे बिघडले नाही. कारण दैनंदिन व्यवहारात हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या पासपोर्टवर लहानपणी आलेली मुले तेथेच शिकली, नोकरीला लागली, कर भरू लागली. आपण ब्रिटिश नाही, असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते. १९८१ च्या राष्ट्रीयत्व अधिनियमानंतर ठरावीक मुदतीत नोंदणी करून नागरिकत्व मिळवण्याची संधी होती. ती मुदत १९८७ च्या अखेरीस संपली. पण जो स्वतःला नागरिकच समजतो तो नोंदणीसाठी कशाला जाईल? त्यातच गृह विभागाकडील जुनी आगमनपत्रे, म्हणजे या लोकांच्या प्रवेशाचा एक महत्त्वाचा शासकीय पुरावा, २०१० मध्ये नष्ट करण्यात आली. अशा स्थितीत केवळ कोणीतरी प्रश्न विचारायचा अवकाश होता.

३. सीमा दारात आली : २०१२ ते २०१६

२०१० मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने निव्वळ स्थलांतर वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदा राहणाऱ्यांसाठी देशात प्रतिकूल वातावरण निर्माण करण्याचा मानस एका मुलाखतीत जाहीर केला. ‘होस्टाईल एन्व्हायर्नमेंट’ हे त्या धोरणाचे रूढ नाव. २०१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सहा भागांत ‘परत जा, अन्यथा अटक होईल’ अशा आशयाचे फलक लावलेल्या गाड्या फिरवण्यात आल्या. हा प्रयोग टीकेमुळे लवकरच बंद पडला. पण धोरणाचा कायदेशीर गाभा २०१४ आणि २०१६ च्या आप्रवासन अधिनियमांत आला.

या अधिनियमांनी आप्रवासनाची तपासणी विमानतळावरून उचलून नागरी जीवनात आणली. घर भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूचे कागद तपासणे घरमालकांना बंधनकारक झाले. डिसेंबर २०१४ मध्ये वेस्ट मिडलँड्स भागात सुरू झालेली ही योजना १ फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडला लागू झाली. मालकांवरील कर्तव्य जुनेच होते. दंड मात्र वाढत गेला. २०१४ मध्ये एका बेकायदा कामगारामागे कमाल २० हजार पौंड असलेला हा दंड २०२४ मध्ये पहिल्या उल्लंघनास ४५ हजार आणि पुनरावृत्तीस ६० हजार पौंडांपर्यंत नेण्यात आला. बँकांना खाते उघडण्यापूर्वी आणि वाहन परवाना विभागाला परवाना देण्यापूर्वी वास्तव्याची स्थिती पाहावी लागू लागली. २०१६ च्या अधिनियमाने बेकायदा वास्तव्यात काम करणे हाच गुन्हा ठरवला. २०१७ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांना अपात्र रुग्णांकडून तातडीच्या नसलेल्या उपचारांचा खर्च आगाऊ घेणे भाग पडले.

या सर्व तरतुदींत एक सूत्र समान आहे. तपासणारा शासकीय अधिकारी नाही. तो घरमालक, कारकून, व्यवस्थापक किंवा परिचारिका आहे. त्याला आप्रवासन कायद्याचे प्रशिक्षण नाही. चुकून अपात्राला स्वीकारले तर दंड आहे. चुकून पात्राला नाकारले तर व्यवहारतः काहीच नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील, हे सांगण्यास संशोधनाची गरज नसावी. तरीही ते झाले. आप्रवाशांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत, ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्यास घर देण्याची आपली तयारी कमी झाली आहे, असे ४२ टक्के घरमालकांनी सांगितले. येथे लक्षात घ्यावयास हवे की, २०११ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समधील सुमारे १७ टक्के रहिवाशांकडे कोणताच पासपोर्ट नव्हता.

४. कायदेविषयक परिणाम

पहिला परिणाम दाद मागण्याच्या अधिकारावर झाला. २०१२ च्या विधी साहाय्यविषयक अधिनियमाने एप्रिल २०१३ पासून आश्रयाच्या प्रकरणांखेरीज बहुतेक आप्रवासन प्रकरणांतील मोफत साहाय्य काढून घेतले. पाठोपाठ २०१४ च्या अधिनियमाने अपील करता येण्याजोग्या निर्णयांचे प्रकार १७ वरून ४ वर आणले. ज्या वर्षांत प्रश्न विचारणारे वाढले, नेमक्या त्याच वर्षांत वकील आणि न्यायाधिकरण दोन्ही दुरावले. स्वतंत्रपणे पाहिल्यास यांतील प्रत्येक बदल काटकसरीचा वाटू शकतो. एकत्र पाहिल्यास शाबितीची जबाबदारी वाढवून शाबितीची साधने काढून घेतल्याचे दिसते.

दुसरा परिणाम ‘आधी हद्दपारी, मग अपील’ या तत्त्वाचा. गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्या परदेशी व्यक्तीने देश सोडून बाहेरून अपील करावे, अशी ही तरतूद होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये किआरी व बिंडलॉस प्रकरणात ती ज्या रीतीने राबवली जात होती ती रीत बेकायदा ठरवली. परदेशातून वकिलाला सूचना देणे, साक्ष नोंदवणे आणि तज्ज्ञांचा पुरावा सादर करणे इतके अवघड आहे की, ते अपील परिणामकारक राहत नाही, असा त्याचा आशय होता.

हाच प्रश्न भारतीय उपखंडातील विद्यार्थ्यांच्या बाबतीतही उद्भवला. २०१४ मध्ये इंग्रजी भाषेच्या एका चाचणीत गैरप्रकार उघड झाल्यावर चाचणी घेणाऱ्या कंपनीने आवाजांच्या तपासणीवरून ५८ हजारांहून अधिक चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ च्या अहवालात नमूद आहे. त्या आधारे हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. काही ठिकाणी फसवणूक झाली होती, यात शंका नाही. परंतु जे निर्दोष होते त्यांनाही आपल्याविरुद्धचा पुरावा सुरुवातीस पाहावयास मिळाला नाही, आणि अनेकांना अपील ब्रिटनबाहेरूनच करण्यास सांगण्यात आले. अशा आरोपावर परदेशातून केलेले अपील हा पुरेसा उपाय नाही, असे अपील न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले. तोपर्यंत विद्यार्थ्यांची तीन वर्षे आणि शुल्काचे पैसे गेले होते.

तिसरा परिणाम सर्वाधिक सूक्ष्म आहे. भेदभाव घडतो, पण त्याचा कर्ता सापडत नाही. घरभाड्याच्या योजनेविरुद्धच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ही योजना मानवी हक्कांच्या युरोपीय सनदेशी विसंगत ठरवली. योजनेमुळे एरवी भेदभाव न करणारे घरमालकही तो करू लागले, असे न्यायालयास आढळले. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. योजनेमुळे काही प्रमाणात भेदभाव घडतो, हे अपील न्यायालयाने मान्य केले. मात्र तो कायद्याने सांगितलेला नसून काही घरमालकांच्या वर्तनाचा परिणाम आहे आणि योजनेचे उद्दिष्ट पाहता योजना समर्थनीय आहे, अशी भूमिका घेतली.

या निकालाबद्दल आदर राखूनही त्यातील तर्काची मर्यादा दाखवणे आवश्यक वाटते. शासनाचा निर्णय असता, तर त्याविरुद्ध न्यायालयीन पुनर्विलोकन मागता आले असते. घरमालकाचा नकार हा खाजगी व्यवहार ठरतो. त्याला कारणही द्यावे लागत नाही. म्हणजे शासनाने आपले काम खाजगी व्यक्तीकडे सोपवल्यामुळे त्या कामाचा परिणाम शासनाच्या उत्तरदायित्वाबाहेर गेला. ‘कायदा भेदभाव करा असे सांगत नाही’ हे खरे. पण भेदभाव करणाऱ्याचा तोटा शून्य आणि न करणाऱ्याचा धोका मोठा, अशी रचना कायद्यानेच केली. रचनेचे उत्तरदायित्व रचनाकारावर नसेल तर ते कोणावर असावे?

५. सामाजिक परिणाम

वरील रचनेचा परिणाम नोव्हेंबर २०१७ पासून ‘द गार्डियन’च्या अमेलिया जेंटलमन यांच्या वृत्तांतून जगापुढे आला. चाळीस-पन्नास वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्या, कर भरलेल्या वृद्ध व्यक्तींकडे वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचा अधिकृत कागद मागितला जात होता. तो न मिळाल्याने कोणाची नोकरी गेली, कोणाचे घर गेले, कोणाचे उपचार थांबले. काही जण स्थानबद्ध झाले. आईच्या अंत्यविधीसाठी किंवा सुट्टीवर मायदेशी गेलेल्यांना परत येऊ दिले गेले नाही. गृह विभागाच्या स्वतःच्या पडताळणीत किमान ८३ व्यक्तींना चुकीने देशाबाहेर पाठवल्याची शक्यता मान्य करण्यात आली. त्यांतील काही जण दुरुस्ती होण्यापूर्वीच मरण पावले होते. गृहमंत्री अँबर रड यांना एप्रिल २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. हा प्रश्न कॅरिबियन बेटांपुरता मर्यादित नव्हता. भारतासह अन्य राष्ट्रकुल देशांतून आलेल्यांनाही त्याची झळ लागली.

वेंडी विल्यम्स यांच्या मार्च २०२० च्या चौकशी अहवालाने घडलेला प्रकार आधी ओळखता येण्याजोगा आणि टाळता येण्याजोगा होता, असा निष्कर्ष काढून ३० शिफारशी केल्या. समता व मानवी हक्क आयोगानेही नोव्हेंबर २०२० मध्ये गृह विभागाने आपले समताविषयक कर्तव्य पाळले नसल्याचे नमूद केले. मात्र जानेवारी २०२३ मध्ये सरकारने तीन शिफारशी सोडून दिल्या. त्यांपैकी दोन सोडण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बेकायदा ठरवला. एप्रिल २०१९ मध्ये नुकसानभरपाईची योजना सुरू झाली खरी, पण तेथेही नुकसान सिद्ध करण्याचा भार पुन्हा पीडितांवरच आला आणि अनेक दावेदार रक्कम हाती येण्यापूर्वी निवर्तले.

कुटुंबसंस्थेवरील परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदारास आणण्यासाठी ब्रिटनमधील व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असण्याची अट आली; एप्रिल २०२४ मध्ये ती २९ हजार पौंड झाली. विवाहाचा हक्क सर्वांना, सहवासाचा हक्क मात्र उत्पन्नानुसार, असा याचा अर्थ. अल्प वेतनावर काम करणाऱ्या स्त्रिया आणि लंडनबाहेरील रहिवासी यांना ही अट अधिक जाचक ठरली. २०१५ मध्ये इंग्लंडच्या बालक आयुक्तांसाठी झालेल्या अभ्यासात आई किंवा वडील केवळ संगणकाच्या पडद्यावर भेटणाऱ्या मुलांसाठी ‘स्काईप कुटुंबे’ असा शब्द आला. या मुलांपैकी बहुतेक ब्रिटिश नागरिक होती. परक्यांसाठी केलेला नियम आपल्याच बालकांना लागू झाला, हे येथे पुन्हा दिसते.

६. हजेरीपत्रकाचा नवा उपयोग

महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग शिक्षणसंस्थांचा आहे. २००९ पासून ब्रिटनमधील विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांची ‘प्रायोजक’ झाली. सलग दहा अपेक्षित उपस्थिती चुकवणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती गृह विभागास कळवणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. ते न पाळल्यास परवाना जाण्याची टांगती तलवार होती. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना काढून घेण्यात आला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपुढे दुसरे विद्यापीठ शोधा किंवा परत जा, असा प्रश्न उभा राहिला. दोष संस्थेच्या नोंदींत असला, तरी शिक्षा नियमित उपस्थित राहणाऱ्यांनाही झाली.

हजेरीपत्रक हे मूलतः अध्यापनाचे साधन आहे. विद्यार्थी येत नसेल तर तो आजारी आहे काय, अडचणीत आहे काय, हे कळावे म्हणून ते असते. त्याच नोंदीचा परिणाम हद्दपारीत होऊ शकतो, असे कळल्यावर अडचणीतील विद्यार्थी शिक्षकापासून ती लपवू लागतो. वैद्यकीय क्षेत्रातही हेच घडले. आरोग्य सेवेकडील रुग्णांचे पत्ते गृह विभागास देण्याचा जानेवारी २०१७ पासूनचा करार डॉक्टरांच्या आणि संसदीय समितीच्या विरोधानंतर मे २०१८ मध्ये स्थगित करावा लागला. रुग्ण दवाखान्यात येण्यासच घाबरू लागला, तर संसर्गजन्य रोगाची तपासणी कोणाची करणार, हा डॉक्टरांचा प्रश्न साधा आणि रास्त होता.

७. समर्थनाच्या युक्तिवादांचा विचार

कठोर कायद्यांच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद सरसकट फेटाळणे योग्य होणार नाही. कोणास प्रवेश द्यावा हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. बेकायदा कामगारांची पिळवणूक होते आणि स्थानिक मजुरीवर तिचा दबाव येतो, हेही काही व्यवसायांत खरे आहे. नियम पाळून, वर्षानुवर्षे रांगेत थांबून आलेल्या आप्रवाशाला नियम मोडणाऱ्याविषयी रोष वाटणे स्वाभाविक आहे. कायदा राबवला जात नाही अशी भावना पसरली, तर आप्रवाशांविषयीची सर्वसाधारण सहिष्णुताच कमी होते, हा युक्तिवादही विचारार्ह आहे.

परंतु या कारणांसाठी निवडलेले साधन आपले काम करते काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. सीमा व आप्रवासन विभागाच्या स्वतंत्र मुख्य निरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात बँक खाते नाकारलेल्यांच्या यादीतील १६९ प्रकरणे तपासली; त्यांपैकी १७ जणांची नावे चुकीने आली होती. घरभाड्याच्या योजनेची उपयुक्तता अद्याप सिद्ध झालेली नाही, असे त्यांनी २०१८ मध्ये नोंदवले. एक लाखाच्या आतील निव्वळ स्थलांतराचे उद्दिष्ट २०१० ते २०१९ या काळात एकदाही गाठले गेले नाही. उलट २०२३ च्या सुमारास हा आकडा नऊ लाखांच्या वर गेला. कारण स्थलांतराची संख्या व्हिसाचे नियम, श्रमबाजाराची मागणी आणि जागतिक घडामोडी ठरवतात. वृद्ध रहिवाशाकडे जुने कागद मागून ती कमी होत नाही. थोडक्यात, ज्या उद्दिष्टासाठी अन्याय सोसावा असे सांगितले गेले, ते उद्दिष्टही साध्य झाले नाही.

८. भारतीय संदर्भ

ब्रिटनच्या अनुभवाकडे पाहताना आपण केवळ प्रेक्षकाच्या भूमिकेत राहू शकत नाही. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाच्या नवव्या कलमाने आपण परकीय नाही हे शाबीत करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच टाकली होती. आसामसाठीच्या १९८३ च्या कायद्याने ही जबाबदारी व्यवहारात तक्रारदाराकडे व शासनाकडे वळवली होती. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल प्रकरणात घटनाबाह्य ठरवला. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. १९४६ च्या अधिनियमाची जागा आता १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. निवासगृहे, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांनी आपल्याकडील परकीय व्यक्तींची माहिती शासनास कळवावी, अशी तरतूद त्यात आहे.

घुसखोरीचा प्रश्न भारतात काल्पनिक नाही आणि आसामचा इतिहास ब्रिटनहून वेगळा आहे. तरीही शाबितीचा प्रश्न समानच राहतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधील काही स्थलांतरित मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत पाठवण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, जन्माची नोंद मुळीच नाही, अशी स्थिती ऊसतोड कामगार, भटक्या जमाती आणि सासरी गेल्यावर नाव बदललेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत आपल्या अवतीभवतीही आढळते. महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवर काम केलेल्या कोणासही हे वेगळे सांगावे लागू नये. कागदाचे दारिद्र्य आणि संपत्तीचे दारिद्र्य बहुधा एकाच घरात नांदते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, कठोर आप्रवासन कायद्याची झळ बेकायदा राहणाऱ्यांपुरती मर्यादित राहते, हे गृहीत ब्रिटनच्या अनुभवावर टिकत नाही. दुसरा, अधिकार देताना नोंद न ठेवणाऱ्या शासनाने पुढे नोंदीचा अभाव व्यक्तीच्या विरोधात वापरणे न्याय्य नाही. ज्याच्याकडे नोंद असावयास हवी होती त्याच्यावर शाबितीचा भार असला पाहिजे. तिसरा, शासकीय तपासणी खाजगी व्यक्तींकडे सोपवल्यास भेदभाव वाढतो आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा नाहीशी होते. चौथा, देशात राहून अपील आणि विधी साहाय्य यांशिवाय शाबितीची जबाबदारी टाकणे म्हणजे निर्णय आधीच करून ठेवणे होय.

या निष्कर्षांचा अर्थ सीमा नसाव्यात असा नाही. कायदा किती कडक आहे एवढेच न विचारता तो चुकल्यास काय होते, हेही विचारले पाहिजे. चूक पकडण्याची, ती वेळेत दुरुस्त करण्याची आणि चुकीचा भार दुबळ्यावर न टाकण्याची व्यवस्था ज्या कायद्यात नाही, तो कडक असूनही परिणामकारक ठरत नाही. नव्या अधिनियमानुसार माहितीचे नमुने भरण्याचे काम आपल्या महाविद्यालयांकडेही येणार आहे. त्या वेळी कायद्याने सांगितले तेवढे प्रामाणिकपणे करणे आणि कायद्याने न सांगितलेला संशय आपल्या पदरचा न घालणे, ही अध्यापक म्हणून आपली किमान जबाबदारी ठरते.